रंगुबाईंनी सभा खाली उतरवली

सणसरच्या रंगुबाई साबळे छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होत्या, आणि नोकरी संपली तरी शिक्षिकेचा स्वभाव काही त्यांना सोडून गेला नव्हता. लग्नाच्या पंगतीत बसल्या तरी त्या आधी रांग सरळ आहे का ते बघायच्या. एसटीत कुणी खिडकीतून शेंगांची टरफलं टाकली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "कोण हाय त्यो?" आणि पन्नास वर्षांचा बाप्या मुकाट्यानं टरफलं खिशात घालायचा. त्यातले निम्मेअधिक त्यांच्याच हाताखालून गेलेले असल्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती.

छप्पन साली घरादारानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील म्हणाले, आता पोरगी शिकणार. पोरगी शिकली, ट्रेनिंग केलं आणि एकोणसाठ साली शाळेत रुजू झाली. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत रंगुबाईंनी स्टोव्हवर चहा केला, तर बाकीच्या मास्तरांना अचानक चहा वर्ज्य झाला. कुणाला पित्त आठवलं, कुणाला उपास. चाँदभाई मुलाणी नावाचे एक तरुण मास्तर तेवढे पुढं झाले, दोन कप प्यायले आणि म्हणाले, "बाई, साखर कमी हाय." त्या दिवसापासून चाँदभाई हे रंगुबाईंना भावाच्या जागी होते. सख्ख्या भावाशी त्यांचं पटत नसे, चाँदभाईंशी पटायचं.

रंगुबाई पंच्याण्णव साली निवृत्त झाल्या आणि तालुक्याच्या निवृत्त शिक्षक मंडळाच्या सभासद झाल्या. वर्षभरातच त्यांना चिटणीस केलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. एकशे बारा सभासदांना पोस्टकार्डं लिहायचं काम कुणालाच नको होतं, आणि रंगुबाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं.

या मंडळाचं एक काम मात्र खरोखर मोलाचं होतं. नोकरीत असताना मास्तरांच्या आजारपणाची बिलं वर पाठवता यायची. निवृत्त झालं की पेन्शन तेवढी यायची, बिलं ज्याची त्यानं भागवायची. म्हणून मंडळानं प्रत्येकाकडून महिन्याला पन्नास रुपये गोळा करून इंदापुरात बुधवारचा दवाखाना चालवला होता. बारामतीहून मेघना नावाची तरुण डॉक्टरीण दर बुधवारी एसटीनं यायची, भाड्याच्या खोलीत बसायची, बीपी बघायची, साखर तपासायची आणि गोळ्या द्यायची. वयानं ती सगळ्यांच्या नातीएवढी, पण रागवायला लागली की हेडमास्तरसुद्धा जीभ बाहेर काढून उभे राहायचे.

चाँदभाईंचं तर सगळं तिच्यावरच चाललं होतं. शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं शाबूत होतं, पेपर वाचायचे, रेडिओवरच्या बातम्यांना मान हलवायचे, पण तोंडातून शब्द निघेना. मेघनानं त्यांना गोळ्या सुरू केल्या, आणि दर बुधवारी सगळे पेशंट गेल्यावर ती त्यांना अर्धा तास समोर बसवून बोलायला लावायची. आधी नुसते आवाज. मग 'चहा'. मग 'नको'. वर्षभरात गडी दोन-दोन अक्षरी शब्दांपर्यंत आला होता. त्यांची बायको सायराबानू त्यांना टेम्पोत बसवून आणायची आणि खोलीच्या पायरीवर बसून आतला एकेक शब्द मोजायची.

आता मंडळाचे अध्यक्ष. बावड्याचे जोतीराम तात्या, निवृत्त मुख्याध्यापक, वय अडुसष्ट. तात्या माणूस दुष्ट नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांचा एकच दोष होता, तो म्हणजे त्यांना कधी सर्दीसुद्धा झाली नव्हती. पहाटे पाच किलोमीटर चालायचे, जिने दोन-दोन पायऱ्या ओलांडून चढायचे आणि आजारी माणूस दिसला की म्हणायचे, "चालत न्हाय तुमी. चाला जरा." अर्धांगवायू झालेल्यालाही त्यांनी हाच सल्ला दिला असता.

तात्यांच्या डोक्यात एक भवन होतं. 'गुरुजन भवन'. बारामती रस्त्याला जागा बघून ठेवलेली, नकाशा तयार, आणि दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी. त्या पाटीवर एकशे बाराच्या एकशे बारा सभासदांची नावं कोरायची. भवन बांधायला पैसा कुठला, तर दवाखान्याचा निधी. एप्रिलपासून दवाखाना बंद, निधी भवनाला.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात तात्यांनी हा ठराव सभेत आणला. मंडळाच्या सभा एका मंगल कार्यालयाच्या माडीवर व्हायच्या, कारण मालक ती माडी फुकट द्यायचा. बावीस पायऱ्या होत्या. त्या दिवशी अडतीस जण वर आले होते. तात्या बोलायला लागले की शुद्ध भाषेत बोलायचे, तसे ते पाऊण तास बोलले, आणि रंगुबाई खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होत्या.

आणि इथंच रंगुबाईंच्या हातून एक चूक झाली. इतिवृत्त घाईत लिहिलं की अक्षर बिघडतं, म्हणून त्या प्रत्येक ठरावाचा शेवट आधीच लिहून ठेवायच्या: 'सदर ठराव एकमताने मंजूर.' सहलीचा ठराव, सत्काराचा ठराव, दुखवट्याचा ठराव, सगळे एकमतानंच व्हायचे, त्यामुळं कधी अडलं नव्हतं. या वेळीही त्यांनी लिहून टाकलं. मग 'निधी' या शब्दापाशी त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मान वर केली, तेव्हा सदतीस हात वर झालेले होते आणि तात्या म्हणत होते, "मंजूर! राष्ट्रगीत!" राष्ट्रगीत सुरू झाल्यावर मधे बोलणं रंगुबाईंना जन्मात जमलं नसतं. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात जळत राहिल्या.

पुढच्या बुधवारी त्या दवाखान्यात गेल्या. चाँदभाई बाकावर बसले होते. त्यांनी डाव्या हातानं खिशातून इतिवृत्ताची प्रत काढली, जी रंगुबाईंनीच, लिहिलेलं खोडायचं नाही या सवयीनं, सगळ्यांना पोस्टानं पाठवली होती. 'एकमताने' या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. मग ते बोट उचलून रंगुबाईंकडं केलं. राग नव्हता चेहऱ्यावर, नुसता प्रश्न होता, आणि तोच सोसवेना.

"त्यांना रातभर झोप न्हाय, बाई," सायराबानू म्हणाली. "म्या म्हनलं, बाई असं करायच्या न्हाईत. तर ह्ये सारखं अक्षर दाखवत्यात. म्हनत्यात, म्हंजी खुणंनं म्हनत्यात, बाईचंच हाय."

"माझंच हाय, भाभी," रंगुबाई म्हणाल्या. "मीच माती खाल्ली." आणि बाकावर बसून त्यांनी पदरानं डोळे पुसले. छत्तीस वर्षांत कुणी त्यांना शाळेत रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळं मेघना घाबरून त्यांचंच बीपी बघायला लागली.

पण रडून झाल्यावर रंगुबाईंना चांगलं सुचायचं. त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती: हजेरी घेतली की हजर पोरांकडं त्या बघायच्याच नाहीत. ती काय, समोर बसलेलीच आहेत. गैरहजर किती, कोण आणि का, एवढंच त्या लिहून घ्यायच्या आणि संध्याकाळी त्या घरांची कडी वाजवायच्या. तसंच त्यांनी आता केलं. मेघनाचं केसपेपरांचं रजिस्टर मागून घेतलं आणि शेजारी मंडळाच्या सभेचं हजेरीबुक ठेवलं. दवाखान्यात येणारे सत्तावन्न. सभेला येणारे अडतीस. दोन्हीकडं असलेले, म्हणजे अवघे तीन.

"बघा डॉक्टर," त्या म्हणाल्या, "जे औषध घेत्यात ते जिना चढत न्हाईत. आन् जे जिना चढत्यात त्यांना औषध लागत न्हाय. सभा व्हती, पण निम्मा वर्ग बाहेर उभा असतोय."

मग त्यांनी नियमावली काढली. ती तात्यांनीच लिहिलेली होती, आणि चांगली लिहिली होती. निधी दुसऱ्या कामाला वळवायचा तर दोन सभांत ठराव मंजूर व्हायला हवा. आणि सभेची तारीख व जागा चिटणिसांनी कळवायची. रंगुबाईंनी ते कलम तीनदा वाचलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागते. ती केली नाही तर पेन्शन थांबते. त्यामुळं पायानं अधू, डोळ्यांनी अधू, कसाही असो, त्या दिवशी माणूस बँकेत येतोच. चालता आलं नाही तर घरचे उचलून आणतात. शिक्षकांसाठी बँकेनं त्या वर्षी बारा नोव्हेंबर ही तारीख दिली होती. तो बुधवार होता, म्हणजे मेघनाही इंदापुरातच. रंगुबाईंनी एकशे बारा पोस्टकार्डं लिहिली: सभा बारा नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता, बँकेच्या आवारातल्या लिंबाखाली. बँकेच्या साहेबांनी परवानगी आनंदानं दिली, कारण त्या दिवशी सगळे म्हातारे काउंटरला लोंबकळायचे. सभेला बसले तर निदान खाली तरी बसतील.

कार्ड मिळालं त्याच दिवशी तात्या सणसरला आले. "चिटणीसबाई," त्यांनी शुद्ध भाषेत सुरुवात केली, "सभेला काही प्रतिष्ठा असते. आपण काय भाजी विकायला बसणार आहोत?"

"नेमावलीत प्रतिष्ठेचं कलम न्हाय, तात्या. जागेचं हाय."

"आन् पावसाबिवसाचं काय?" तात्यांची भाषा घसरली. "झाडाखाली कवा सभा व्हती व्हय?"

"बावड्याची तुमची शाळा चार वर्सं झाडाखालीच भरायची की. तुमीच सांगत आसता."

यावर तात्या चहा प्यायले आणि साखर कमी आहे असंही न म्हणता निघून गेले.

बारा तारखेला बँकेपुढं नुसती जत्रा. टेम्पो, बैलगाड्या, मोपेड, एक ट्रॅक्टरची ट्रॉली. सत्त्याण्णव सभासद आले. आत क्लार्क एकेकाला निरखून बघत होता. पंच्याऐंशीच्या ठमाबाई म्हणजे मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या. क्लार्क म्हणाला, "आजी, तुम्हीच ठमाबाई कशावरून?" त्या म्हणाल्या, "तुज्या बापाला इचार. त्याला मी दुसरीत दोनदा बसवलाय." क्लार्कनं मुकाट पेन पुढं केलं.

अकराला सभा सुरू झाली. तात्यांनी भाषण केलं, आणि खरं सांगायचं तर उत्तम केलं. मास्तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची नावं लिहितो, त्याचं नाव मात्र कुठं राहत नाही, असं ते म्हणाले, तेव्हा पुष्कळांचे डोळे ओले झाले. मग म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

रंगुबाई उठल्या. "तात्या, हात वर करायचं कुठल्या कलमात हाय? हितं निम्म्यांचे खांदे आखडल्यात. चाँदभाईंचा उजवा हात उचलत न्हाय. मी हजेरी घेते. नाव पुकारलं की ज्यानंत्यानं 'भवन' म्हणायचं न्हायतर 'दवाखाना'. लिवून घेते."

हजेरी म्हटल्यावर सगळे मास्तर खूश झाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घेतली, आता आपली. आपोआप रांगा झाल्या, कुणीतरी शेजाऱ्याला गप्प बसवलं. ज्या क्रमानं निवृत्त झाले त्या क्रमानं नावं होती, मत न देणाऱ्या अध्यक्षांचं तेवढं वगळून. ठमाबाई उभ्या राहून ओरडल्या, "दवाखाना!" आणि हजेरी सुरू झाली.

पण रंगुबाईंचा हिशेब चुकला होता. त्यांना वाटलं होतं, आजारी माणूस आला की काम झालं. पिंपळीचे सोनबा, दोन्ही गुडघ्यांना मेघनाचं मलम चोळणारे, काठीवर रेलून म्हणाले, "भवन." रंगुबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, असं बघू नका," सोनबा म्हणाले. "माझं नाव आजवर या हयातीच्या यादीत हाय, बाकी कुठंच न्हाय. संगमरवरात येकदा बघू द्या." असे सोनबा बरेच निघाले. माणसाला दुखणं कळतं, पण नावाची हौस त्याहून आधी कळते. पंच्याऐंशी नावं झाली तेव्हा भवन चव्वेचाळीस आणि दवाखाना एकेचाळीस. आणि पुढची जी नावं होती ती नुकतीच निवृत्त झालेल्यांची, धडधाकट, माडीवर चढणाऱ्यांची. आपण सभा खाली आणली आणि खालीच हरलो, असं त्यांना वाटलं.

"चाँदभाई मुलाणी," त्यांनी नाव घेतलं.

चाँदभाई डाव्या हातानं खुर्चीला धरून उभे राहिले. 'भवन' म्हणणं त्यांना त्यातल्या त्यात सोपं होतं. 'दवाखाना' हा शब्द त्यांनी मेघनापुढंही कधी म्हटला नव्हता.

"द," ते म्हणाले. थांबले. मान हलवली. "द... वा..."

त्यांच्या कपाळावर घाम आला. मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "दवाखाना म्हनायचंय त्यांना, लिवा की बाई..."

"सांगू नका!" तात्या गरजले. चाळीस वर्षं वर्गात हेच ओरडत आले होते ते, सवयीनं तोंडातून गेलं. "कुणी सांगायचं न्हाय! त्याला येतंय! त्याचं त्याला येतंय!"

"द... वा... खा," चाँदभाई म्हणाले.

"शाब्बास!" तात्या खुर्चीवरून उठले. आपण भवनाच्या बाजूचे आहोत हे ते साफ विसरले होते. पुढं वाकून, हाताची मूठ आवळून, पोराला जोडाक्षर वाचायला लावावं तसे ते म्हणाले, "पुढं! येकच राहिलंय! घाई न्हाय, दम घ्या!"

चाँदभाईंनी दम घेतला. "ना," ते म्हणाले. आणि मग सलग, स्पष्ट, "दवाखाना."

सत्त्याण्णव मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचा एक हात चालत नव्हता त्यांनी मांडीवर थापा मारल्या. रंगुबाईंना पुढचं नाव दिसेना, कारण चष्मा भिजला होता. त्यांनी तो पुसला आणि वाचू लागल्या. उरलेल्या दहांत आठ जणांनी 'दवाखाना' म्हटलं. त्यात एक रंगुबाई स्वतः, बाकीचे माडीवर हात वर केलेले.

तेवढ्यात सोनबा उठले. "बाई, माझं उत्तर खोडा."

"आसं कसं खोडता येईल?" कुणीतरी म्हणालं.

"पेपर गोळा झाल्याला न्हाय अजून," सोनबा म्हणाले. सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी विचार केला, आणि आयुष्यभर जो नियम पोरांना लावला तोच लावला. "गोळा होईस्तवर बदलता येतंय," ते म्हणाले. सोनबांसह चौघांनी बदललं. दवाखाना चोपन्न, भवन बेचाळीस.

तात्या चाँदभाईंपाशी गेले. "चाँदभाई," ते म्हणाले, "उत्तर माझ्या इरुद्ध हाय. पण बराबर हाय." मग रंगुबाईंकडं वळून, पुन्हा शुद्ध भाषेत, "चिटणीसबाई, यापुढील सर्व सभा इथेच घ्याव्यात. आणि माझं भवन मी पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार आहे, वेगळी वर्गणी काढून. नोंद घ्या."

"घेतली," रंगुबाई म्हणाल्या. तात्यांबद्दल त्यांना त्या घडीला खरोखरच माया वाटली.

माणसं पांगली. मेघना आपली पेटी घेऊन खोली उघडायला गेली, कारण पेशंट बाकी होते. रंगुबाई चाँदभाईंना हात द्यायला टेम्पोपाशी आल्या. सायराबानू इतका वेळ बायकांच्या घोळक्यामागं उभी होती. ती मंडळाची सभासद नव्हती, तिला मत नव्हतं, आणि ती टाळ्याही वाजवायची विसरली होती. ती नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"येवढा मोठा शबुद आला," ती म्हणाली. "मंग मला बी येकदा हाक मारा की. पंधरा म्हैनं झालं. तांब्या वाजवून बोलावताय मला."

चाँदभाईंनी बायकोकडं पाहिलं. टेम्पोच्या दांडीला धरलं. "सा," ते म्हणाले. कुणी सांगायचं नव्हतं. "सा... य..." त्यांनी श्वास घेतला. "सायरा."

सायराबानूनं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मग पदर काढून ती म्हणाली, "आन् बानू? बानू राहिलं की!"

"त्ये पुढच्या बुधवारी," रंगुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चाँदभाईंना आधार देऊन टेम्पोत बसवलं.